वाफशावरचा दात

उदगीर, एप्रिल २०१६

सन्माननीय मेहुणे महादेवप्पा यांस उदगीरहून वीरण्णाचे शरणु शरणार्थी. नांदेडला सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील, तुमचा गुडघाही जागेवर आला असेल. तुमची बहीण दानम्मा ठणठणीत आहे; माझ्यावर ओरडायला तिला कधी अशक्तपणा येत नाही. फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला माझी शिट्टी वाजली (पुढचा दात नसला की 'श' वाजतो) आणि तुम्ही हसलात. पत्रात शिट्टी वाजत नाही.

नातीच्या लग्नाला बाराच दिवस उरलेत. शिवगंगेची एकच अट, "आज्जा, माझ्या फोटोत तोंड मिटून बसायचं न्हाई. हसायचं." मी हाव म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी दानम्माच्या कडक भाकरीवर पुढचा दात अर्धा मोडला. (तिला मी सुपारी सांगितली आहे. सांभाळून घ्या.)

तुकडा घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. पाटीवर आत्तापासूनच 'जिल्हा उदगीर'. जिल्हा व्हायचाय, पाणी यायचंय, पाटी तेवढी आलीय! लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, आमचा नळ अठरा दिवस कोरडा, आणि बाई म्हणतात, "आजोबा, तोंडात ओल फार आहे. ओल लागली की चिकटवलेलं टिकत नाही." सगळा तालुका कोरडा, आणि ओल सापडली ती माझ्या तोंडात! संताप आला, पण तोंडात कापूस होता. बाईंनी दात धुतला, पुसला, चिकटवायचं औषध हातात घेतलं, तेवढ्यात मठातले पंचाक्षरी स्वामी दारातून म्हणाले, "शरणु, वीरण्णा!" आता जंगमानं शरणु म्हटल्यावर मी गप्प बसू? "शरणार्थी" म्हणालो. कापूस सुटला, जीभ फिरली, दात लाळेनं भरला. बाई म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मला लग्नाच्या खरेदीला लातूरची गाडी धरायची होती, म्हणालो तसाच चिकटवा. तिसऱ्या दिवशी तुकडा आमटीत सापडला.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. बाईंची पाठ वळली तसा धोतराच्या सोग्यानं दात खसाखसा पुसला आणि त्यांचं वारा मारायचं नळकांडं स्वतःच तोंडात धरलं. दात खडूसारखा केला! आठव्या दिवशी पाणी पिताना तुकडा पुन्हा हातात. तर बाई म्हणतात, "फार कोरडा केलात. दाताच्या आतले बारीक तंतू वाळून खाली बसले, औषध मुरायला जागाच उरली नाही. थोडी ओल लागतेच."

आधी ओल नको, आता ओल पाहिजे! मी म्हणालो, "बाई, चिखलात तिफण चालत नाही आणि धुळीत बी उगवत नाही. मधल्या ओलीला आम्ही वाफसा म्हणतो. पहिल्याच दिवशी वाफसा म्हणायला काय झालं होतं?" बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. म्हणजे इलाज माझ्यावर आणि शिकवणीही माझीच! वर बजावलं, सोमवारी शेवटची खेप. आता निघाला तर तुकड्याच्या कडा झिजतील आणि तो बसणारच नाही. पोरीला काय सांगू?

आपला,
वीरण्णा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. सोमवारी पहिल्या गाडीनं या. दवाखान्याच्या दारात बसा आणि जो कोणी मला शरणु म्हणेल त्याला माझ्या वतीनं शरणार्थी म्हणा. अर्ध्या तासाचं काम आहे. मला हसवू नका.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला)

ता. क. दुसरा. दाताचा तुकडा ओल्या कापसात गुंडाळून पुडीत ठेवला होता. पुडी दिसत नाही. बहुतेक पत्राच्या घडीत गेली. पाकीट उघडायला बघितलं, पण जीभ लावून चिकटवलेला हा डिंक काही केल्या सुटत नाही. (बाईंना दाखवायला हवा.) टपाल निघतंय. तुकडा सुकू देऊ नका, पाण्यात बुडवू नका. वाफशावर ठेवा आणि सोमवारी घेऊन याच.