दुसरी प्रत

४ नोव्हेंबर

आजपासून मुलुंडच्या प्रसूतिगृहात कामाला लागले. गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘नमिता परब, बॅकअप विभाग’. विभाग म्हणजे मी, एक पंखा आणि गारठवणारा एसी. गंमत म्हणजे मी आणि हेमांगी इथेच जन्मलो. जुळ्या. मी आधी, ती मागून, पण ताई म्हणायला अजून तिच्या जिवावर येतं. आता तिचं नावही इथेच घातलंय आणि तिलाही जुळंच आहे. पहिलं बाळंतपण म्हणून बोरिवलीहून आमच्याकडे घाटकोपरला आली आहे. सोफा तिचा, रिमोट तिचा, आईसुद्धा तिचीच. मी मात्र खूश आहे.

व्यवस्थापक शरच्चंद्र सर भले वाटले. नोंदणीच्या खिडकीवर ऋतिका बसते, तिने पहिल्याच दिवशी डब्यातलं सुकटीचं कालवण दिलं. दुपारी लसीकरणाला दोन सीटच्या बाबागाडीतून जुळे मुलगे आले होते, दोघांना केशरी टोपडी. आई शर्मिष्ठा, घामाघूम. एकाने माझं ओळखपत्र तोंडात घातलं.

८ नोव्हेंबर

काम कळलं. जन्मनोंदी, सोनोग्राफी, पावलांचे ठसे, सगळं डिस्कवर आहे आणि डिस्क तुडुंब भरली आहे. शिवाय टेप आहेत, तळहाताएवढ्या चौकोनी कॅसेट. प्रत्येक जुन्या वर्षाची एक, ती इथल्याच कपाटात; चालू वर्षाची दर महिन्याला एक, त्या महिन्यापर्यंतचं सगळं धरून. महिन्याच्या टेप गोवंडीच्या गोदामात जातात, म्हणजे इथे आग लागली तरी तिथली प्रत वाचेल. डिस्क पटकन देते पण महाग, टेप स्वस्त पण सावकाश. माझी योजना अशी की रोजचं डिस्कवर आणि जुनंपानं टेपवर. सरांना पटली, फक्त नव्या टेप विकत घ्यायच्या नाहीत म्हणाले.

१४ नोव्हेंबर

जागा केली! डिस्कवर सारख्या नोंदी शोधणारी सोय चालू केली. एकच आई, एकच तारीख, एकच पत्ता दिसला की दोनातली एक ठेवायची. कुठली? जी अलीकडे कुणी उघडली असेल ती. नव्या नोंदींपासून सुरू होऊन ती मागे मागे जाते. जुन्या वर्षांच्या टेपही पुसून नव्याने वापरायला काढल्या. तेच सगळं डिस्कवर आहे, मग टेप कशाला अडवायची? पुसण्याआधी डिस्कवरचं नीट उघडतंय का ते तपासायचा नियम आहे. वेळ होता कुठे? सर म्हणाले, झकास काम.

२१ नोव्हेंबर

शर्मिष्ठा पुन्हा आली होती. बाबागाडी तीच, दोन सीटची. एकीत केशरी टोपडं. दुसरी सीट रिकामी.

मी दुसऱ्याबद्दल विचारलं. ती हसली, म्हणाली एकच आहे हो, एवढी मोठी गाडी का घेतली मलाच कळत नाही. ऋतिकाही म्हणाली की एकच होता. मग माझं ओळखपत्र कुणी चावलं? त्यावर अजून दातांच्या खुणा आहेत, आणि या बाळाला दात नाहीत.

नोंद उघडली. एकच आहे. दुसरी सारखी म्हणून काढली.

असं कुठे होतं का? नसेल. नसावं.

२३ नोव्हेंबर

हेमांगीची सोनोग्राफी झाली. एकच बाळ.

मी दोन दोन म्हणून ओरडले. तिने माझ्याकडे, मला वेड लागलंय असं पाहिलं. तिला आठवत नाही, आईला आठवत नाही. आईने शिवलेल्या दुपट्यांचा एक गठ्ठा शेजारी देऊन टाकला, जास्तीची कशाला म्हणून. हेमांगी पोटावर डाव्या बाजूला हात ठेवून बसली होती. का गं, विचारलं. म्हणाली, इथे काहीतरी गार लागतंय. तिच्या पोटातलं मूल मी काढून टाकलं. मी, तिच्या बहिणीने.

२५ नोव्हेंबर

सोय बंद केली. उशीर झाला होता, ती सगळ्यात जुन्या वर्षापर्यंत पोचून आली होती.

गोवंडीची ऑक्टोबरची टेप आहे. त्यात हेमांगीची सोनोग्राफी असणार, शर्मिष्ठाचे दोघेही. सर सही देईनात. मी अक्षरशः त्यांचे पाय धरले. एवढं रडायला काय झालं, विचारत होते. शेवटी सही दिली.

२७ नोव्हेंबर

टेप आणली. लावली. टेपवर मधूनच उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून पळू द्यावी लागते, तशी एकेक नोंद डिस्कवर परत येते. एसी घुमत होता आणि मी देवाचं नाव घेत बसले होते. देवा, हे एवढं एकच मूल दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

दुपारी हेमांगीचा फोन आला. डावीकडे लाथ मारली म्हणे. लगेच तपासायला आणलं. दोन ठोके, दोन्ही ठणठणीत. ती म्हणाली, दोनच होते की, तू काय असं बघतेस?

शर्मिष्ठालाही फोन केला. मागे दोन आवाज रडत होते. मी जिन्यात बसून पोटभर रडले.

२९ नोव्हेंबर

दाराच्या यंत्राला माझा अंगठा ओळखू येईना. ऋतिका खिडकीतून म्हणाली, तुम्हाला कुणाला भेटायचंय? मला वाटलं चेष्टा. ओळखपत्र दाखवलं. प्लास्टिक कोरं. फक्त दातांच्या खुणा.

मग कळलं.

एकच आई, एकच तारीख, एकच पत्ता. हेमांगीची नोंद दर महिन्याला तपासणीला उघडली जाते. माझी जन्मापासून कुणी उघडलेली नाही.

आमच्या वर्षाची टेप शोधत राहिले. कपाटात नाही. मीच — सगळ्यांत आधी तीच पुसली होती. जुनी म्हणून.

३० नोव्हेंबर

घरी एकच टूथब्रश. माझे कपडे नाहीत. मी आईच्या समोर उभी राहिले, तिचा हात धरला. तिने सोडवला नाही, बिचारीने कुणी भरकटलेली बाई समजून पाणी दिलं.

“कोण गो तू? माका एकच चेडू आसा.”

एकच मुलगी नाही, आई, मी आधीची. मी आधी आले होते. तूच सांगायचीस ना —

१ डिसेंबर

घराबाहेर जिन्यात बसून लिहितेय. आत डोहाळजेवण आहे. दार उघडं. येणाऱ्या बायका माझ्या अंगावरून जातात, पदर लागतो, कुणी खाली बघत नाही.

हेमांगी फुलांच्या दागिन्यांत. दोन्ही हात पोटावर, दोन्ही बाजूंना. दोघंही आहेत. तेवढं तरी —

हाक मारून पाहिली. आवाज आला की नाही कळत नाही.

बायका नावं विचारतायत. मुलगी झाली तर काय ठेवशील. तिने दाराकडे बघितलं, माझ्यातून पलीकडे.

“नमिता. का कोण जाणे, एकदम तोंडात आलं.”

आई म्हणाली, छान आहे, आपल्यात कुणाचंच नाही.

टाळ्या वाजल्या. आता ते नाव तिचं. तिला कुणी हाक मारली की मी —