अण्णांच्या नावाचा पुडा

दावाव, फिलिपाइन्स

प्रिय आईस, सुकेशनीचा जयभीम.

मी बरी हाय. डॉक्टरकीची परीक्षा झाली, सुट्टीला घरी यायलेय. इथले लोक लांबून घरी जाताना प्रत्येकाच्या नावानं खाऊ नेतात. घरमालकीणबाईंनी सुक्या आंब्याचे पुडे बांधताना नावं विचारली. वडील म्हणून पहिलं नाव अण्णांचं सांगितलं.

पण फोनवर तूच म्हणलीस, "अण्णांसाठी काही आणू नको." दरवेळी तर आधी त्यांच्यासाठी आण म्हणतीस. ते फोनवर का येईनात? झोपलेत म्हणतीस, शेतात गेलेत म्हणतीस. पुढं विचारायचा धीर होईना, म्हणून माझ्या आधी गावाकडं येणाऱ्या मैत्रिणीजवळ ही चिठ्ठी देतेय. तू जेवतीस ना?

मानवतच्या स्टँडवर पुडा घ्यायला त्यांनाच पाठव. तू एकटी दिसलीस, तर मी एसटीतून उतरणारच न्हाई.

तुझी लेक,
सुकी