राघूंच्या भरवशावर

२ मार्च

मनोऱ्याच्या पोटाखाली आग्या मोहोळ लागलंय! सकाळी पाखरांची पाण्याची भांडी भरायला गेलो, सहज मान वर केली आणि बादली हातातून सुटली. सुपाएवढं, काळं, लोंबतं. मधूनच त्याच्यावरून एक लाट फिरते. सगळ्या माश्या एकदम बूड वर उचलतात म्हणे. धावत क्वार्टरवर आलो तर लेक शांतपणे बूट घालत होती.

"बाबा, दर वसंतात येतात त्या. मागच्या वर्षी ओढ्याकाठी होत्या, यंदा इथे."

"आणि तू रोज त्याच मनोऱ्यावर चढणार?"

"वणवा कुठे लागलाय ते बघायला दुसरा मनोरा नाही."

पाण्याची बाटली घेतली आणि गेली. ही आज असती तर म्हणाली असती, "अहो, कामाला जाऊ द्या तिला." मायलेकी दोघी सारख्याच.

खिसा चाचपला. इंजेक्शन आहे.

३ मार्च

डोक्यात रात्रभर घोंघावत होतं, म्हणून लिहून काढतो.

लेक सात वर्षांची होती. शेजारच्या बागेत एक साधी मधमाशी मानेला चावली — आग्या नव्हे, साधीच! घरी येईपर्यंत डोळे सुजून मिटले, ओठ उलटे झाले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिला खांद्यावर टाकून पळालो होतो. डॉक्टर म्हणाले, वाचली. पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही. त्याला पंचवीस वर्षं झाली. मी अजून त्या दवाखान्याच्या बाकावरच बसलोय.

त्यात माझी नोकरी विमा कंपनीत. जन्मभर अपघातांचे दावे तपासले. माणूस कशाकशाने जातो ते मला पाठ आहे. जिन्यावरून जातो, गीझरने जातो, एक गृहस्थ तर टेबल फॅनने गेले. आणि या पोरीने काम शोधलं ते अभयारण्यात! दुसरीकडे कुठे जागाच नव्हती जशी.

मागच्या वसंतात तिचा फोन आला. ही जाऊन चार महिने झाले होते. दाढी करणं सोडलं होतं मी. पडदे उघडत नव्हतो. लेक म्हणाली, "बाबा, माश्यांचा मोसम सुरू होतोय. मला एकटीला भीती वाटते. याल का?" भीती! साप शेपटीला धरून पोत्यात घालणारी पोर ही. तिच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलो. आल्या आल्या तिने पेनासारखं इंजेक्शन हातात ठेवलं. "माझ्या पिशवीत राहतं नि मी विसरते. तुम्ही सांभाळा." सरावाच्या रिकाम्या पेनाने संत्र्यावर शिकवलं. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, लगेच सोडायचं नाही. दोन संत्री टोचली, तिसरं खाल्लं.

तेव्हापासून मी इथला स्वयंसेवक. छातीवर बिल्ला. भांडी भरतो, पिंजरे धुतो, जखमी पाखरांना चिमट्याने अळ्या भरवतो. खरं काम एकच — तिच्या मागे मागे राहायचं, खिशात हात घालून.

८ मार्च

आज सदऱ्यात सुरवंट पडला. त्याबद्दल काहीही लिहिणार नाही.

११ मार्च

आमच्या मागच्या मातीच्या दरडीवर हिरवेगार पक्षी उतरलेत. चिमणीपेक्षा थोडे मोठे, शेपटीतून एक तार बाहेर आलेली, डोळ्यावरून काळी रेघ. चोचीने दरडीत भोकं पाडताहेत, माती मागे उडवताहेत.

"वेडे राघू," लेक म्हणाली. "बिळात अंडी घालतात."

"खातात काय?"

"उडते किडे. मधमाश्या फार आवडतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. मधमाश्या!

दुपारभर दरडीसमोर खुर्ची टाकून बसलो. एकाने हवेतल्या हवेत माशी पकडली, फांदीवर आणून आपटली, पुन्हा आपटली, मग तिचं ढुंगण फांदीवर घास घास घासलं. नांगीतलं विष काढून टाकतात. मग गिळली. उभ्या आयुष्यात कुठल्या पाखराचा इतका अभिमान वाटला नव्हता.

जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं. त्याला इथे सगळे सुपरफास्ट म्हणतात, कारण त्याच्या जीपला सायकलवालेही मागे टाकतात. तो म्हणाला, "काका, तुमचे राघू डझनभर, पोळ्यात माश्या हजारो. निवडणूक लागली तर डिपॉझिट जाईल राघूंचं."

जाऊ दे. कोणीतरी आहे ना माझ्या बाजूने!

१७ मार्च

घोरपड! हाताएवढी लांब, दरडीतल्या बिळात तोंड घालून बसलेली. माझी पाचावर धारण बसली. पाय मागे सरत होते, पण आत राघूंची अंडी. छत्री उघडली, मिटली, उघडली, मिटली, आणि ओरडलो, "चला, बाजूला व्हा! इथे गर्दी करायची नाही!" ऑफिसात काउंटरवर ओरडायचो तसंच. घोरपडीने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली.

मागे वळलो तर लेक पोट धरून हसतेय. "बाबा, इथे कुणाला हाकलायचं नसतं. तिलाही पोट आहे."

"तिला सांग, दुसरीकडे भर."

किती दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. मीही हसलो. मग नजर मनोऱ्याकडे गेली. पोळं वाढलंय.

१८ मार्च

तिचा वासाचा साबण फेकून दिला. गडद शर्ट लपवले. आग्या माश्यांना गडद रंग खपत नाही म्हणतात. शोधत होती. मी पेपर वाचत होतो.

२४ मार्च

भांडण झालं. मी म्हटलं, धूर करू या, पोळं उठवू या. ती चिडली. "धुराने किती मरतील माहितेय? बाबा, अभयारण्य कुणासाठी आहे?"

"तुझ्यासाठी नाही का?"

मग जवळ येऊन माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "माझी काळजी करायला तुम्ही आहात ना. झालं तर."

काळजी म्हणे! पण घाबरल्याशिवाय काळजी कशी करतात ते मला येत नाही. तिच्या आईला यायचं. मला नाही.

आज मनोऱ्याच्या पायथ्याशी एक जाड घोंगडी नेऊन ठेवली. असू दे.

२ एप्रिल

उकाडा. झाडं मोहरलीत, सगळ्या रानात गुणगुण. लोकांना हे गोड वाटत असेल. मला एखादं यंत्र चालू राहिल्यासारखं वाटतं — कधी बंद होईल म्हणून कान देऊन बसायचं, आणि ते बंद होत नाही. राघूंच्या बिळातून पिल्लांची किरकिर येते. आईबाप माश्या पुरवून थकलेत. आणा बाबांनो, अजून आणा.

९ एप्रिल

बोटं सुजलीत, अक्षर असं आलंय. पण लिहायलाच हवं.

दुपारी लेक मनोऱ्यावरून उतरत होती. मी खाली, नेहमीसारखा. इतक्यात एक मोठी घार आली. घार नव्हे, मोहोळघार, पोळी फोडून खाणारी. आली ती सरळ पोळ्यावर आपटली आणि अख्खा तुकडा घेऊन गेली. त्यापुढे जे झालं ते आवाजच होता फक्त. आभाळ फाटल्यासारखा. माश्यांचा काळा लोट खाली आला आणि लेक जिन्याच्या मध्यावर!

मी पळालो नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही. घोंगडी उचलली आणि वर चढलो. चढताना डोक्यावर, कानावर, हातावर आगीचे चटके. तिला घोंगडीत गुंडाळलं, जवळजवळ ओढत खाली आणलं. सुपरफास्टने जीप पायथ्याशी आणली, आम्हाला आत कोंबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नावाला जागला.

जीपमध्ये घोंगडी बाजूला केली. तिच्या मानेवर — तिथेच, सात वर्षांची असताना चावली होती तिथेच — काळी नांगी रुतलेली! इंजेक्शन काढलं, टोपण उडवलं. पेन तिच्या मांडीकडे नेलं. तिने माझं मनगट धरलं.

"बाबा, नको. मला नाही चावली."

"मग हे काय?"

"काटा. झुडपाचा." आणि तिने तो उपटून खिडकीबाहेर टाकला.

काटा! मी काय आंधळा आहे?

नंतर क्वार्टरवर माझ्या टकलातल्या नांग्या ती ओळखपत्राच्या कडेने खरवडून काढत होती, आणि मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होतो. शिट्टी येते का? आता येईल. आत्ता येईल. "बाबा, जरा मान सरळ धरा." "तू जरा मोठ्याने श्वास घे." "बाबा!"

तिने जेवण केलं. फोनवर कुणाशी तरी बोलली. गाणंसुद्धा गुणगुणली. मी इंजेक्शन मुठीत धरून तिच्यासमोर बसून आहे. इतकी भीती मला हिची आई आजारी असतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान काय होणार ते माहीत होतं.

१० एप्रिल

काही झालं नाही. तिला काही झालं नाही! मला ताप.

११ एप्रिल

सुपरफास्टने मला गावातल्या दवाखान्यात नेलं. सिस्टरने डोकं बघितलं, गोळ्या दिल्या. "दोन दिवसांत उतरेल काका. जीव वाचला, बक्षीस समजा."

मी आवाज खाली आणला. "सिस्टर, माझ्या लेकीला चावली आहे. अभयारण्यात काम करते ती. तिला माशी चालत नाही. अजून काही झालं नाही, पण उशिरा काही होतं का?"

"कोण, मॅडम? त्यांना काय होतंय आता! त्यांचा कोर्स पुरा झाला की."

"कसला कोर्स?"

"माशीच्या विषाचा. अगदी थोडं थोडं टोचायचं, अंगाला सवय होईपर्यंत. चार वर्षं मीच टोचत होते. पहिल्या वेळी त्यांच्या आई सोबत होत्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना कळू देऊ नका, विष टोचताहेत म्हटलं तर दारात आडवे पडतील." सिस्टर हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "तुम्हाला... सांगितलं नाही त्यांनी? अहो, संपून दीड वर्ष होऊन गेलं."

दीड वर्ष! म्हणजे मागच्या वसंतात तिने फोन केला, "मला एकटीला भीती वाटते," तेव्हा ती ठणठणीत बरी होती.

दोघींनी मिळून मला वेड्यात काढलं! एक तर गेलीच, तिला विचारताही येत नाही. आणि लेक? वर्षभर माझा जीव टांगणीला लावला. संत्री टोचायला लावली! घोंगडी घेऊन मी वर चढलो तो कशासाठी?

क्वार्टरवर आलो. ती मनोऱ्यावर गेलेली. पिशवी काढली. कपडे भरले. चष्म्याचं घर, औषधं, छत्री. दाढीचं सामान उचललं आणि ते हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्या घरात चार महिने मी हे हातात घेतलं नव्हतं.

मग कॉटवर बसलो. ती खोटं बोलली नव्हती. भीती वाटत होतीच तिला. माश्यांची नव्हती, एवढंच.

आणि आता? आता तिला माझी गरज नाही, हे मला कळलंय. खिसा रिकामा करायचा आणि परत त्या घरी जायचं, पडदे ओढलेल्या खोलीत. खरं सांगतो, पोळं फुटलं तेव्हासुद्धा इतकी धडकी भरली नव्हती.

संध्याकाळ झाली. बाहेर राघूंची पिल्लं पहिल्यांदा बिळाच्या तोंडाशी येऊन बसलीत, एकमेकांना ढकलताहेत. ती येताना दिसतेय. पिशवी अजून कॉटवर उघडीच आहे.

१२ एप्रिल

सकाळी चहा पिताना म्हटलं, "अगं, इंजेक्शनची मुदत संपत आलीय. नवीन आणायला हवं."

ती क्षणभर कपाकडे बघत राहिली. "आणते, बाबा. हा मोसम संपला की गांधीलमाश्यांचा सुरू होईल. तुम्ही आहात ना?"

"आता काय, राहायलाच हवं," म्हटलं, आणि चेहरा जमेल तेवढा घाबरलेला ठेवला.