टँकरमागची ओली रेघ

चकलांबा, मंगळवार, चैत्र वद्य पंचमी

शाळा चौथीतच सुटली, तरी वाचून एवढं कळलंय: समुद्रावरच्या टपालबोटींना सरकार मैलांवर पैसे द्यायचं, आत टपाल असो नसो. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ठेकाही तसाच, आत पाणी असो नसो. उद्या संचालक म्हणून बिलावर माझी सही लागणार. आणि आज टँकर वस्तीवर कोरडाच आला. बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. चेअरमनला बोटींचं सांगितलं, तर म्हणाला, "तात्या, बीडात समुद्र कुठं हाय? लई वाचू नका." सगळे हसले.

पण भरला टँकर गळतो, धुळीत ओली रेघ पडते. वस्तीच्या वाटेवर ती का नव्हती? लगेच टँकर भरतो त्या विहिरीकडं उलट्या वाटेनं चालत गेलो. फाट्यावर रेघ सापडली, चेअरमनच्या मोसंबीच्या बागेकडं वळलेली.

उद्यापर्यंत रेघ वाळेल. हिरवी बाग कुठं लपवणार? सही नाही.