ताण दिलेली ओळ

४ मार्च २००२
पुन्हा तेच! पाणी तोडून ताण दिलेल्या ओळीतली बाकी सगळी ज्वारी माना टाकून बसलीय, आणि माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या भाग्यश्रीच्या पाच कुंड्या हिरव्यागार. कोणीतरी पाणी घालतंय. नक्की!

५ मार्च
कॉलेजच्या गच्चीवर पाटी लावली — 'ही रोपे मुद्दाम तहानलेली ठेवली आहेत. आपली दया घरच्या तुळशीला दाखवावी.'
रसायनशास्त्राच्या सरोजिनीबाई वाचून हसल्या. "अहो, रोप मेलं नाही म्हणून सुतक कसलं पाळताय? पेढे वाटा!" यांना काय जातंय बोलायला.

७ मार्च
एस.वाय.ला शिकवलं — पाणी तोडून ताण दिला की रोप आपला खरा स्वभाव दाखवतं. मागून कोणीतरी, "म्हणजे टेन्शन ना, सर?" वर्ग खिदळला. निम्म्यांचा जीव संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासात.

९ मार्च
भाग्यश्री गच्चीवर, हातात पाण्याची बाटली! "प्यायला आणलीय सर, ऊन बघा किती." असेल.
पण त्या पाच कुंड्यांतलं बी तिनंच आणलेलं, वाशीमच्या आजोळहून. पीएच.डी. उरकायची घाईही तिलाच. भाऊ हिंजवडीत, रोज मागे लागतो म्हणे — सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, लगेच नोकरी. मातीत पाणी किती उरलं ते कळायला कुंड्या रोज तीच तोलते. तिच्या आकड्यांप्रमाणे माती ठणठणीत कोरडी. माती कोरडी आणि रोप हिरवं? मला शिकवते!

११ मार्च
विचारलंच. "सर, थेंबभरसुद्धा घातलं नाही. आपण स्वतः तोलून बघा ना."
मी म्हटलं, आकडे कसे बनवतात ते मला ठाऊक आहे.
तिनं गच्चीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. वाईट वाटलं. पण संशोधनात लाड चालत नाहीत.

१३ मार्च
सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी दिलं. माना टाकलेली रोपंही उठली. आता पाणी बंद! कुलूप नवं, किल्ली एकच, माझ्या खिशात. बघू तिची रोपं किती दिवस नखरे करतात.

२० मार्च
भाग्यश्रीनं पीएच.डी. सोडली. टेस्टिंगचा कोर्स लावला म्हणे. सरोजिनीबाई समोरून गेल्या, बोलल्या नाहीत.

३० मार्च
बाकी ज्वारीचा पार पाचोळा. तिची पाच — हिरवी!
कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. ओरखडासुद्धा नाही. मग कुंड्या तोलल्या, स्वतः, पुन्हा पुन्हा. तिच्या आकड्यांपेक्षाही हलक्या. मातीचा भुगा झालाय.
तिथंच उन्हात बसलो. अख्खी नोकरी पाण्यावाचून तगणारं असं एक रोप शोधण्यात घालवली मी! आणि ते समोर उभं असताना चोर शोधत बसलो. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

३१ मार्च
तिच्या घरी फोन केला. "भाग्यश्री, तुझी रोपं अजून हिरवी आहेत गं."
"पुन्हा एकदा कुलूप बदलून बघा, सर," म्हणाली. फोन ठेवला.