पवनचक्कीपासून उत्तरेला

ॲन आर्बर,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. फ्रिस्कोत सगळे बरे असाल. रवींद्रभावोजींची पाठ काय म्हणते? सियाचे कॉलेजचे अर्ज गेले का? इकडे कालपासून बर्फ भुरभुरतोय. माझी तब्येत ठीक आहे. थकवा आहे, पण तो आता घरचाच झालाय.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. सात महिने तू माझा फोन उचलत नाहीस. दहा वेळा केला की मेसेजवर एक अंगठा येतो. मला सांगायचंय ते अंगठ्यावर भागणारं नाही, म्हणून बुधवारपर्यंत पोचेल अशा बेताने पोस्टाने पाठवतेय.

शुक्रवारी टीव्हीवर आपला शेवटचा भाग दाखवणार आहेत. कुठून बुद्धी झाली आणि त्या कार्यक्रमाला अर्ज करून बसलो आपण! खजिना शोधायला अमेरिकेतून उचलून ऑस्ट्रेलियाच्या त्या उजाड माळावर नेऊन टाकलेल्या आठ जोड्या, डोळ्यांत जाणाऱ्या माश्या आणि रोज एक कोडं. फोन नाही, होकायंत्र नाही. तरी शेवटच्या दोन जोड्यांत आपण होतो, आणि ते तुझ्यामुळे, हे मी कुणालाही सांगेन. मी काय, सामान उचलणारी.

तुमच्या मंडळाने हॉलमध्ये मोठा पडदा लावायचं ठरवलंय, समोशांची ऑर्डरही गेलीय, असं सिया म्हणाली. आणखीही एक गोष्ट म्हणाली. "मावशी, आई आस्क्स मी एव्हरीथिंग नाऊ. लेफ्ट का राइट, हे पण. शाळेच्या रस्त्यावर पण!" वीस वर्षं मुलांना गणित शिकवणारी माझी बहीण हल्ली तुरीच्या डाळीचं पाकीट हातात घेऊन मुलीला विचारते, हीच ना गं? हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही.

तर आता सांगते. किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसणार?

शेवटचं कोडं तुला पाठ असेल. 'वारा पिऊन पाणी देणाऱ्याच्या पायाशी उभे राहा. मग इथून कधीच न दिसणाऱ्या ताऱ्याकडे चाला.' पवनचक्की तर कुणीही ओळखली असती, पण तारा तू ओळखलास. ध्रुव! तो दक्षिण गोलार्धातून दिसत नाही, म्हणजे उत्तरेला चालायचं. मला तर मिनिटभर काही कळलंच नव्हतं. मग तू पवनचक्कीची सावली बघितलीस आणि म्हणालीस, "दुपारची सावली उत्तरेकडे पडते. चला."

आपल्याकडे पडते, ताई. तिकडे सूर्यच उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला जाते.

आणि हे मला माहीत होतं.

मी छपरांवरच्या सोलर पॅनलचे आराखडे काढते. तू मंडळात माझी ओळख 'आमची हिमू छपरावरची कामं करते' अशी करून देतेस आणि लोक हसतात, तेच काम. इथे पॅनलचं तोंड मी दक्षिणेला ठेवते. तिकडच्या छावणीत सगळी पॅनल उत्तरेकडे तोंड करून उभी होती. पहिल्याच सकाळी ती मी बघून ठेवली होती. पवनचक्कीपाशी मी "ताई, थांब" म्हणालेही. तू कॅमेऱ्याकडे बघत म्हणालीस, "हिमू, तू पिशवी धर. विचार मी करते." कॅमेरावाला हसला. मी पिशवी धरली.

दहा मिनिटांनी सांगू, असं मनात होतं. तुला एकदा, एकदाच, चुकलेलं बघायचं होतं मला. लहानपणापासून तू बरोबर आणि मी तुझ्या मागे, याचा मला किती कंटाळा आला होता ते मलाच माहीत नव्हतं. मग अर्धा तास झाला. आता सांगितलं तर 'आधी का नाही बोललीस' हे येणार, म्हणून आणखी गप्प. दोन तास झाले. तू तुझ्या बाटलीतलं पाणी मला दिलंस, माझी सॅकही घेतलीस, तरी मी गप्पच. आणि त्या कोरड्या ओढ्यात उतरताना तू पडलीस. पेटी पवनचक्कीपासून चाळीस मिनिटांवर होती, उत्तरेला.

त्या संध्याकाळी मला एकटीला कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलं, चूक केव्हा लक्षात आली? मी थकले होते. म्हणाले, पहिल्या पावलापासून. ते वाक्य शुक्रवारच्या भागात ठेवलंय, असा गेल्या आठवड्यात ईमेल आला. तुला ते हॉलमध्ये साठ लोकांत, हातात समोसा असताना कळू नये, म्हणून हे पत्र. ईमेल आला नसता तर मी लिहिलं असतं का? खोटं कशाला बोलू, बहुतेक नसतं.

अजूनही खरी गोष्ट लिहिलेली नाही.

ॲलिस स्प्रिंग्जच्या दवाखान्यात तुझ्या पायाला प्लास्टर घातलं आणि तू माझा हात धरून रडलीस. "हिमू, माझ्या हट्टापायी तुझंही गेलं गं. मला माफ कर." चव्वेचाळीस वर्षांत तू मला पहिल्यांदा असं म्हणालीस. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो.

मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं ताई. केलं माफ."

आणि मला फार बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपले आणि तू मात्र जागी होतीस.

ती माफी मी परत घेते. तू मागण्यासारखं काही केलंच नव्हतंस. कुठे वळायचं ते कृपा करून सियाला विचारू नकोस. तुझं डोकं शाबूत आहे, ताई, बिघडलेलं दुसरीकडे होतं.

आता माफी मी मागायला हवी. पण मागितली की तू देशील, मला माहितेय, तू फोन उचलून 'वेडी आहेस का' म्हणशील. आणि मग मी पुन्हा गाढ झोपेन. म्हणून एवढ्यात देऊ नकोस.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी
हिमू