रॅम्पच्या डोक्यावरची पायरी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुम्हाला मुळीच आवडायचं नाही. "मी काय पदर खोचून तुझा छळ करायला बसलेय का गं, शैला?" म्हणायचात. आज मुद्दाम म्हणतेय. राग आला तर या भांडायला!

पत्राचं कारण सांगते. काल सकाळी नऊ वाजता आपल्या सोसायटीतली ती पायरी फोडली. तीच ती, रॅम्पच्या डोक्यावरची. एक गवंडी, एक छिन्नी, एक हातोडा. त्यानं पायरीची धार फोडून तिरकी केली, वर जाड लोखंडी पत्रा टाकला आणि अर्ध्या तासात चहा प्यायला गेला. सहा इंचांची पायरी! तिच्यापायी तुमच्या आयुष्याची शेवटची तीन वर्षं चौथ्या मजल्यावर गेली.

का फोडली, ते विचारा ना! चेअरमनसाहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. काल ते दवाखान्यातून व्हीलचेअरवर घरी यायचे होते. त्यांच्या चिरंजीवांना परवा संध्याकाळी साक्षात्कार झाला, की रॅम्प संपतो तिथे एक पायरी आहे. हा बाबा गेली सहा वर्षं रोज त्याच पायरीवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतोय. पण दिसली परवा.

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण एक गोष्ट सांगायची टाळली. आज ती सांगायची आहे. पण आधी थोडं बोलू द्या, एकदम तिथे पोचायचा धीर होत नाही.

मनमाडचं आपलं रेल्वे क्वार्टर आठवतं? दाराला एक बोटभर उंबरठा, पुढे सपाट अंगण. तेव्हा तुमच्या कुबड्या होत्या, पायाला कॅलिपर होतं, आणि तुम्ही रोज सकाळी एकट्या कोपऱ्यावर जाऊन भाजी घेऊन यायचात. पिशवी कुबडीच्या दांड्याला अडकवलेली. मला कधी आणू दिली नाहीत. "तुला वांगी कळत नाहीत," म्हणायचात. खरं तर तुम्हाला घासाघीस करायची हौस होती! दुपारी गणिताच्या शिकवण्या, त्यातही तोच घासाघिशीचा आवाज.

मग आपण सुधारलो. नाशिकला आलो. गंगापूर रोडच्या आत नवीन इमारत, चौथा मजला, लिफ्ट. तोवर तुमचे खांदे कामातून गेले होते, कुबड्या जाऊन चाकांची खुर्ची आली होती. आपण आधीच विचारलं होतं, आणि बिल्डर छाती काढून म्हणाला होता, "लिफ्ट आहे ना, ताई!" लिफ्ट होतीच. पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या होत्या. चार का नाहीत? तर म्हणे पायऱ्या विषम हव्यात, शुभ असतं.

"जोतं मुद्दाम उंच घेतलंय, पावसाचं पाणी कधी आत येणार नाही," असंही तो म्हणाला.

"पाणी येणार नाही आणि मीही," तुम्ही म्हणालात. तो हसला. त्याला तो विनोद वाटला!

आणि मग सुरू झाली ती सेवा. "रॅम्प कशाला, आम्ही आहोत ना उचलायला!" या शहराकडे याच्यापलीकडे उत्तरच नव्हतं, वन्सं. बँकेत पायऱ्या? उचलतो की. मतदान केंद्र वरच्या मजल्यावर? उचलतो की. सिंहस्थासाठी फुटपाथ नवे झाले, ते गुडघ्याइतके उंच. तिथेही कुणीतरी उचलायला धावलाच. आपल्या सोसायटीतले चौघे तर रविवारी सकाळी हजर. इतर दिवशी त्यांना ऑफिस असायचं, म्हणून तुम्हाला आकाश फक्त रविवारी. उचलताना एक जण मोठ्यानं म्हणायचा, "मॅडम, वजन वाढलं हं!" आणि बाकीचे दात काढायचे.

त्यातल्या एकाचा हात कुठे असायचा, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. त्यानंतर दोन महिने तुम्ही खाली गेला नाहीत. मी त्या माणसाला काय बोलले? काही नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन जेवून आले.

तुमचा तो सत्कार! अपंग दिनाचा कार्यक्रम, सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बारा सत्कारमूर्ती पोत्यांसारखे वर चढवले. पाहुणे पाऊण तास 'जिद्द' या विषयावर बोलले. तुम्हाला शाल दिली, नारळ दिला, माइक दिला. तुम्ही म्हणालात, "नारळ पोचला. आता मला खाली कोण उतरवणार, त्यांची नावं कळली तर बरं होईल." काय टाळ्या पडल्या! नावं कुणीच सांगितली नाहीत. आपण एक तास तिथेच बसलो, सतरंज्या गुंडाळल्या जाईपर्यंत.

तुम्हाला हवं होतं ते किती थोडं होतं! गेटपाशी सकाळी भाजीची गाडी येते, तिथपर्यंत जायचं. एकटीनं. कुणाला हाक न मारता, कुणाच्या वेळा न बघता. वांगी स्वतः दाबून बघायची आणि परत यायचं. एवढंच.

त्यासाठी तुम्ही सोसायटीला अर्ज केलात. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून, तो इंजिनिअर झालेला, हिशेब समजून घेतलात आणि आलेखाच्या वहीच्या कागदावर आकृती काढलीत. एक इंच चढायला बारा इंच लांबी. पाच पायऱ्यांचे तीस इंच, म्हणून तीस फूट रॅम्प. शाळेतल्या पोरालाही कळावं असं.

चेअरमनसाहेबांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. "तीस फूट? मॅडम, मग मी गाडी कुठे लावू?"

त्यांच्या गाडीला जागा सोडून उरले बारा फूट. "तेवढ्यात अ‍ॅडजस्ट करू," म्हणाले. गणितालाच अ‍ॅडजस्ट करायला सांगितलं! तरी तुम्ही हो म्हणालात. मला म्हणालात, "चढताना वॉचमनला मागे हात लावायला सांगेन. पण उतरताना ब्रेक धरून एकटी उतरेन." तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला आठवतं. नुकतीच नोकरी लागल्यासारखा.

आता सांगते.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, रॅम्पचं काम अर्धं झालेलं असताना मीटिंग झाली. मीटिंग कुठे? खाली पार्किंगमध्ये. म्हणजे जिच्यासाठी रॅम्प, तीच वर. तुम्ही निरोप धाडलात, मलाही यायचंय म्हणून. उचलणारे चौघे खुर्च्या मांडण्यात गुंतले होते. "आज राहू द्या मॅडम, गडबड आहे," म्हणाले. तुमच्या बंधूंची मनमाडला ड्यूटी होती. घरातर्फे मी गेले.

चेअरमनसाहेबांनी त्यांच्या साडूंना आणलं होतं. वास्तुवाले. गळ्यात होकायंत्र. त्यांनी रॅम्पपाशी उभं राहून डोळे मिटले, उघडले आणि जाहीर केलं, "दारातून सरळ खाली उतार म्हणजे लक्ष्मी घरंगळत बाहेर. वरच्या टोकाला एक आडवी पायरी ठेवा, ती तिला अडवेल."

हसू नका. तिथे कुणी हसलं नाही. चोवीस फ्लॅट, त्यात तीन इंजिनिअर, दोन प्राध्यापक, एक डॉक्टर. सगळे माना हलवत होते. लक्ष्मीला सहा इंचांची पायरी ओलांडता येत नाही असं मानणारी ही शिकलेली माणसं, बाईला मात्र ती ओलांडता येईल असं धरून चालली होती. चेअरमन म्हणाले, "मॅडमना तेवढी एक पायरी आपण उचलू. अनुकूल असलेल्यांनी हात वर करा."

वन्सं, मी हात वर केला.

नितीनला वर्षभर नोकरी लागत नव्हती. मुलाखती होत होत्या आणि काही जमत नव्हतं. मला वाटलं, असेल काहीतरी. उगाच कशाला विषाची परीक्षा? माझा पोटचा मुलगा एका पारड्यात आणि तुमची भाजीची गाडी दुसऱ्या. मी विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप वर गेला, असंही म्हणणार नाही. मी तो नीट, सगळ्यांना दिसेल असा वर केला होता.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची वही सहीसाठी घरोघर फिरली. तुम्ही वाचलंत, "सर्वानुमते मंजूर." चष्मा काढून विचारलंत, "तू पण?"

मी म्हणाले, "मी गप्प बसले. एवढ्या माणसांपुढे काय बोलणार?"

"असू दे. तू एकटी काय करणार होतीस!" तुम्ही म्हणालात, आणि वर माझी समजूत काढलीत. मला चहा करायला लावलात आणि वांग्यांच्या भावावर बोलत बसलात. त्या दिवशी तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रॅम्प झाला. दूधवाल्याच्या सायकलीला उपयोग झाला, फ्रिज चढवायला झाला, पोरांना घसरगुंडी झाली. तुम्ही एकदा बघायला गेलात, पायरीपाशी चाकं थांबवून खाली गेटकडे बघितलंत आणि म्हणालात, "चल वर." पुन्हा त्याचं नाव काढलं नाहीत. आणि शेवटी तुम्हाला नेलं ते बाजूच्या पाच पायऱ्यांवरून. रॅम्प घसरडा आहे म्हणे! त्या दिवशी एकालाही ऑफिस नव्हतं.

नितीनला नोकरी लागली ती दोन वर्षांनी, पुण्यात. ती पायरी तेव्हाही होती आणि त्याच्या आधीही होती.

काल अकरा वाजता चेअरमनसाहेब आले. मागून तिघे ढकलत, पुढे पेढ्यांचा बॉक्स. खुर्ची पत्र्यावरून आत गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीचं कुणी नावही काढलं नाही, साडूही हजर होते! मला बघून साहेब म्हणाले, "वहिनी, या रॅम्पला शालनताईंच्या नावाची पाटी लावू या. संगमरवरी. त्यांची फार इच्छा होती हो!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वर आले. तुमच्या खुर्चीवर मी तीन वर्षं कांद्याची गोणी ठेवत होते, तेही कबूल करते. ती खाली काढली, सालं झटकली, चाकांत हवा भरली. खुर्ची पायऱ्यांवरून खाली नेली आणि रॅम्पच्या पायथ्याशी तिच्यात बसले. म्हटलं, बघू तरी तुमच्या नावाची पाटी कशावर लागणार ते.

अर्ध्यावर हात थांबले. खांद्यात कळ आली, तळवे सोलले. चाक सोडलं असतं तर थेट गेटवर आदळले असते. पायरी तिरकी करून त्यांनी चढ आणखी उभा केलाय, वन्सं. त्या रॅम्पवर तुम्ही पायरी नसतानाही एकट्या जाऊ शकला नसता. तुमची आकृती बरोबर होती आणि बाकीचं सगळं खोटं होतं.

हिरामण वॉचमन पळत आला. "काकू, लय उभा चढ हाय, सायकल बी ऐकत नाय. उचलू का?"

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "नुसता मागे उभा राहा."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून चेअरमनसाहेब ओरडले, "वहिनी, हे काय चाललंय? तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात!"

"म्हणून तर अर्ध्यापर्यंत आले!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी या इमारतीत कधी बोलले नव्हते. खिडक्या उघडल्या. मी तिथेच बसून राहिले, ब्रेक लावून, हात दुखायचे थांबेपर्यंत. मग उतरले आणि खुर्ची घेऊन वर आले. तुमचे बंधू दारात उभे होते. त्यांनी माझ्या हाताला हळद लावली.

माफी मागत नाही. तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

रविवारी मीटिंग आहे, पाटीचा ठराव आहे. मी आलेखाचा तो कागद घेऊन जाणार आहे. आधी सहा वर्षांपूर्वी हात वर केला होता ते सांगेन, नितीनचं कारणही सांगेन. मग म्हणेन, तीस फूट द्या, नाहीतर माझ्या नणंदेचं नाव कुठेही लावू नका. ते ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. चोवीसातले तेवीस हात वर जातील आणि पाटी लागेलही. पण वन्सं, या खेपेला त्यांना वहीत 'सर्वानुमते' लिहिता येणार नाही, हे माझं तुम्हाला वचन.

तुमची खोटारडी भावजय,
शैला